पोलादी कूस

माणसाला एकदा पोलाद म्हटलं की त्याची कुदळ करायला लोक मोकळे होतात. सानिका मगदूमचं नेमकं तेच झालं, आणि तेही शाल-श्रीफळ देऊन, फोटो काढून, टाळ्या वाजवून.

मिरजेतल्या ज्या हॉस्पिटलात ती सिस्टर होती त्याचं नाव इथं सांगण्यात अर्थ नाही. उद्या पाटी बदलतील आणि आत तेच लोक बसतील. दारात संगमरवरी धन्वंतरी, लिफ्टमध्ये बासरीचं रेकॉर्डिंग आणि दुसऱ्या मजल्यावर कॅथलॅब. कॅथलॅब म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या वाहिन्या उघडायची खोली. मनगटातून बारीक तार आत सारायची, ती हृदयापर्यंत न्यायची, फुगा फुगवून वाट मोकळी करायची. तार कुठं पोचली ते दिसावं म्हणून वर क्ष-किरणांचा झोत चालू ठेवावा लागतो. झोत पेशंटवर असतो खरा, पण त्याच्या अंगावर आपटून किरण खोलीभर उडतात. पेशंटला ते आयुष्यात एखाद्या वेळी लागतात. तिथं उभं राहणाऱ्याला रोज.

म्हणून जुन्या लोकांनी शहाणपणानं रीत बसवली होती. अंगात शिशाचा जाड अ‍ॅप्रन, गळ्याला शिशाचा पट्टा, छातीवर किरण मोजणारा बिल्ला, आणि टेबलाशेजारी चाकांवरची शिशाची उंच काच, जिच्या आड उभं राहून काम करायचं. शिवाय आळीपाळी. आज तू आत, उद्या मी. त्यामुळं कुणा एकीच्या अंगावर सगळा भार पडत नसे.

ही आळीपाळी सांभाळायच्या रुबिनाआपा. रुबिना जमादार ही तिथली सगळ्यात जुनी सिस्टर. जिभेनं तिखट, हातानं हलकी. सानिका नवी आली तेव्हा तिला तारा ओळखायला, पेशंटच्या चेहऱ्यावरून धोका वाचायला आपांनीच शिकवलं. आणि खिडकीजवळची खुंटीही आपांचीच. अ‍ॅप्रन टांगायच्या खोलीत बाकीच्या खुंट्यांपासून दूर ती एकटी होती. लॅबमधल्या एखादीला दिवस गेले की तिनं फक्त आपांच्या कानात सांगायचं. आपा तिचा अ‍ॅप्रन उचलून त्या खुंटीला अडकवायच्या आणि म्हणायच्या, "आता हा इथनं हलायचा नाही. बाळ मांडीवर यायच्या आधी हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे." झालं. अर्ज नाही, विनंती नाही. तिच्या ड्युट्या बाकीच्या वाटून घेत. खुंटीला अ‍ॅप्रन दिसला की डॉक्टरसुद्धा समजून जात आणि पेढे मागत.

मग ती चाचणी आली.

चाचणी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक म्हणतील की विज्ञानाच्या नावानं बोटं मोडायची हौस आहे. आपल्या पेशीपेशीत डीएनएचा दोरा असतो. किरण लागला की तो तुटतो. तुटतो तसा सांधलाही जातो, कारण पेशीत रफू करणारी प्रथिनं असतात. ती प्रथिनं कशी बनवायची याची कृती जनुकांत लिहिलेली असते आणि ती सगळ्यांची अगदी एकसारखी नसते. कुणाचे रफूगर चपळ, कुणाचे सावकाश. रफू राहून गेला किंवा भलत्याच टोकाला भलतं टोक जोडलं गेलं, तर ती पेशी पुढं कधीतरी बिथरते आणि कित्येक वर्षांनंतर कर्करोग होऊन समोर येते. म्हणून तर एकाच डोसानं एका पेशंटची कातडी होरपळते आणि दुसऱ्याला नुसती खाज सुटते.

पुण्यातल्या काही शास्त्रज्ञांनी हा फरक मोजायची युक्ती काढली. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींवर मोजका किरण सोडायचा. जिथं जिथं दोरा तुटतो तिथं सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका चमकतो. काही तासांनी पुन्हा बघायचं, किती ठिपके विझले. जितके विझले तितका रफू झाला. जोडीला शेकडो जनुकांचं वाचन, आणि सगळं मिळून एक अंक, त्याचं नाव सहनांक. कर्करोगाच्या पेशंटला किरणांचा डोस बेतून द्यावा, इतकाच त्यामागचा हेतू. वारिजा सोमण नावाची एक तरुण शास्त्रज्ञ हॉस्पिटलात व्याख्यान द्यायला आली होती, तिनं तर बजावून सांगितलं, "हा आकडा उपचार ठरवायला आहे. कोणाला कुठे उभं करायचं हे ठरवायला नाही. चांगला सहनांक म्हणजे धोका कमी, धोका नाही असं नव्हे." लोकांनी माना डोलावल्या आणि बटाटेवड्यांकडं गेले.

वर्षभरात सरकारची नवी नियमावली निघाली. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची चाचणी सक्तीची. श्रेणी एक, श्रेणी दोन, श्रेणी तीन. श्रेणी तीनवाल्यांना किरणांच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी, दोनवाल्यांना फक्त बाहेरची कामं. लोकांनी लगेच नावं ठेवली. श्रेणी एक म्हणजे पोलाद, श्रेणी तीन म्हणजे मेण.

रुबिनाआपा मेण निघाल्या. दोन तपं त्या खोलीत काढलेली बाई, तिला एका सकाळी केसपेपरच्या काउंटरवर बसवलं. "तुमच्या भल्यासाठीच," असं डॉ. शिरगुप्पे म्हणाले. हे हॉस्पिटलचे संचालक. एकेकाळी चांगले कार्डिऑलॉजिस्ट होते, आता फक्त खुर्चीत आणि फोटोत दिसायचे. लॅबमधल्या सगळ्या सिस्टर दोन नाहीतर तीनमध्ये गेल्या. पोलाद निघाले दोघंच, ब्रदर प्रथमेश आणि आपली सानिका.

खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता. ज्या पोरीला शाळेत 'काडी' म्हणायचे तिला आज अख्खं हॉस्पिटल पोलादी म्हणत होतं. महिला दिनाला तिचा सत्कार झाला. हॉस्पिटलच्या कमानीवर तिचा फोटो, खाली अक्षरं, 'आमची पोलादी कन्या'. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, तो सत्काराचा फोटो शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी ठेवला आणि गल्लीत सांगत सुटल्या, "आमच्या सुनंला किरान लागत न्हाईत." हरभऱ्याच्या झाडावर चढवतात ते असं. वर चढलेल्याला खालची जमीन हळूहळू सरकवली जातेय ते कळत नाही.

कारण सत्कारानंतर एकेक गोष्ट लॅबमधनं निघून गेली. नवा रोबोट आला. आता डॉक्टरांनी आत यायचंच नाही, लॅबचे डॉ. उगारे शिशाच्या भिंतीपलीकडं आरामात बसून दांड्या फिरवणार आणि आत यंत्राचा हात तार सरकवणार. पण यंत्राला तार भरून द्यायला, पेशंटचा हात धरायला, रक्त पुसायला, हृदय थांबलं तर छाती दाबायला माणूस लागतोच. तो माणूस आत. एकटा. रोबोटच्या हाताला आडवी येते म्हणून शिशाची काच हलवली. कंपनीनं परत नेली, असं सांगण्यात आलं. जड अ‍ॅप्रन जाऊन हलके आले, "पोलादी माणसाला ओझं कशाला?" बिल्ला गेला, "मोजून करायचंय काय?" भिंत रंगवताना खिडकीजवळची खुंटी निघाली ती परत बसवलीच नाही. आणि आळीपाळी? दोघांत कसली आळीपाळी! बाकीच्या सगळ्यांना भल्यासाठी बाहेर काढलं होतं ना.

खरं म्हणजे तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं. चाचणी माणसांना वाचवायला आली होती आणि तिच्या जोरावर माणसांना वाचवणारी एकेक वस्तू उचलून नेत होते. रुबिनाआपांनी विचारलंही. कॅन्टीनमध्ये सानिकाला गाठून म्हणाल्या, "काच कुठं गेली गं? बिल्ला कुठाय तुझा?"

सानिका हसली. "आपा, मला नाही लागत त्याची गरज."

"तुला असं कोण म्हणालं? ज्याला आत जायचं नाही त्यानंच ना?"

सानिकाला राग आला. तिला वाटलं, मेण निघाल्याचं दुःख बाई माझ्यावर काढतेय. त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं. केसपेपरच्या काउंटरवरून जाताना सानिका मोबाइलमध्ये बघत जायची.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर सानिकाला दिवस गेले. आधी एकदा आशा लागून मोडली होती, म्हणून ती कुणाला बोलली नाही. नवऱ्याला, संकेतला, सांगितलं तेव्हा तो बॅटऱ्यांच्या कारखान्यातून आला होता तसाच काळ्या हातांनी चूळ न भरता देवापुढं जाऊन बसला. आत्तींनी न विचारता ओळखलं आणि त्या दिवसापासून तिच्या ताटात तूप दुप्पट पडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्यावर सानिकाचे पाय आपोआप त्या खिडकीकडं वळले. तिथं खुंटी नव्हती. गुळगुळीत पांढरी भिंत होती. तिनं तो हलका अ‍ॅप्रन हातात धरला आणि पहिल्यांदा तिला तो खरंच हलका लागला. या अ‍ॅप्रनमधनं आत किती झिरपतं? बिल्ला असता तर सांगता आलं असतं. आकडा कुणाकडंच नव्हता, आणि नसावा अशी तजवीजच होती. ती तशीच संचालकांच्या खोलीत गेली.

"अरे वा, अभिनंदन!" डॉ. शिरगुप्पे उठून उभे राहिले. "पेढे कुठायत?"

"पेढे देते सर. आधी मला लॅबमधून बाहेर काढा. बाळ होईपर्यंत."

ते पुन्हा बसले. आवाज मऊच राहिला. "सिस्टर, तुम्ही श्रेणी एक. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, श्रेणी एकच्या स्त्रियांना गरोदरपणात बदली देणं बंधनकारक नाही. आणि तुम्हाला बाहेर काढून मी आत कुणाला पाठवू? प्रथमेशची पाठ गेलीय, तो रजेवर. पेशंट मरू देऊ?"

"सर, श्रेणी माझी आहे. बाळाची नाही. त्याच्यात अर्धं माझं, अर्धं त्याच्या बापाचं. आणि माझ्यातलं कुठलं अर्धं त्यानं घेतलं, हे मला तरी कुठं ठाऊक आहे?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. जणू तिनंच त्यांना वाट दाखवली होती. "मग बघू या की! आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात. ते वाचता येतात. पेशींवरची पूर्ण चाचणी नाही होणार, पण जनुकांवरून अंदाज मिळेल. हॉस्पिटलतर्फे मोफत करू. बाळही पोलादी निघालं तर तुम्ही निर्धास्त, आम्हीही निर्धास्त. चला, आत्ताच रक्त देऊन टाका." ते तिला बोलत बोलतच खालच्या मजल्यावर घेऊन गेले.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर रक्त घेणारी मुलगी सुई काढत होती. सानिकानं बाही वर केली आणि मग विचारलं, "आणि मेण निघालं तर, सर?"

डॉक्टर फार समजूतदार आवाजात म्हणाले, "अजून खूप लवकर आहे, सिस्टर. तुमचं वयही काही गेलेलं नाही. पुढच्या वेळी... म्हणजे निर्णय शेवटी तुमचा. पण कमजोर मूल जन्माला घालून त्याला आयुष्यभर जपत बसायचं, हा त्याच्यावरही अन्यायच नाही का?"

त्यांच्या डोक्यामागं भिंतीवर पाटी होती. तसली पाटी महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोनोग्राफीच्या दारात असते आणि रोज बघून कुणाला दिसत नाही. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. सानिकाला ती त्या दिवशी दिसली. मुलगा की मुलगी हे विचारायला बंदी होती. मेण की पोलाद हे विचारायला मात्र मोकळं रान, शिवाय मोफत. तिनं बाही खाली ओढली. "घरी विचारून सांगते," एवढंच तिच्या तोंडून निघालं. राग तिला जिन्यात आला. असल्या माणसाला आपण 'सर, सर' करत होतो!

घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. संकेत भाकरी मोडत ऐकत होता. मग म्हणाला, "तसं बघितलं तर रक्त द्यायला काय हरकत आहे? तुझ्यासारखंच असेल कदाचित. मग प्रश्नच मिटला."

"आणि तुझ्यासारखं असलं तर?"

संकेतची चाचणी कधी झाली नव्हती. तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिला.

"माझ्या पोराला मेण म्हनतीस?" आत्ती चुलीपाशी नाही, पण इंडक्शनपाशी होत्या, तिथनं वळल्या. सानिकाला वाटलं, आता भांडण होणार. आत्ती मुलाकडं बघत राहिल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "व्हय, मेण तर मेण. सातव्या म्हैन्यात झालाय ह्यो. मूठभर हुता. कापसात गुंडाळून, पेटीत ठिवून वाढीवलाय मी. डाक्टर म्हनला हुता, ह्याची आशा सोडा. त्या टायमाला असलं मशीन असतं, तर ह्यो आज हितं भाकरी मोडत बसला असता व्हय?"

संकेतनं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"आनि त्या तुझ्या सायबाला म्हनावं," आत्तींचा पारा परत चढला, "पोलादाच्या पोटात काय खिळं जन्माला येत्यात व्हय रं मुडद्या? लेकरू म्हंजी मेणच असतंय. सगळ्यांचंच." त्यांनी जाऊन शोकेसमधला सत्काराचा फोटो उचलला आणि तोंड भिंतीकडं करून ठेवला. गणपतीही त्याच्याबरोबर जरा तिरका झाला, तो त्यांनी नीट केला.

संकेतनं ताट बाजूला सारलं. "रक्त देऊ नकोस," तो म्हणाला. "आणि मी मघाशी बोललो ते विसर. मूर्खासारखं बोललो."

सानिकानं लेखी कळवलं, मी गरोदर आहे, चाचणी करणार नाही, किरणांच्या खोलीत जाणार नाही. उत्तर आलं नाही. ड्युटीच्या वेळापत्रकात नाव मात्र तसंच राहिलं. सोमवारी सकाळी ती हॉस्पिटलात गेली ती बाहेरच्या कामाला उभी राहायची म्हणून. आणि तेवढ्यात एक पेशंट आला.

बेडग गावचा एक रंगारी होता. घरं रंगवणारा, हातांना अजून पिवळा रंग. छाती धरून आला आणि दारातच कोसळला. मुख्य वाहिनीच बंद. त्याची बायको त्याच्या चपला छातीशी धरून बाकावर बसली होती. त्याला टेबलावर घेतलं, डॉ. उगारे भिंतीपलीकडं रोबोटपाशी बसले, आणि माइकवर त्यांचा आवाज आला, "आत कोण आहे? लवकर!"

आत कुणी नव्हतं. लॅबच्या दाराशी सानिका होती आणि धावत आलेले डॉ. शिरगुप्पे.

"सिस्टर, जा."

"सर, मी लिहून दिलंय."

"लिहिलेलं नंतर बघू. तो माणूस मरतोय. बाहेर त्याची बायको बसलीय, तिला काय सांगू? तुमच्या पोटातलं जेमतेम चण्याएवढं, आणि इथं जिवंत माणूस! नर्स म्हणून शपथ घेतलीय ना तुम्ही?"

हे मात्र नेमकं लागलं. माणसाच्या चांगुलपणाला कुठं चिमटा काढायचा हे अशा लोकांना बरोबर कळतं. बाकावरची ती बाई सानिकाला दिसत होती, तिच्या हातातल्या चपलांवर रंगाचे शिंतोडे होते. तिच्याही घरी लेकरं असतील. सानिकाचे डोळे भरले. वर्षानुवर्षं जे केलं तेच हातांनी केलं; तिनं अ‍ॅप्रन उचलला, एक हात आत घातला, आणि पाय उंबऱ्याकडं निघालेसुद्धा.

मागून कुणीतरी तो अ‍ॅप्रन खस्सकन ओढला.

रुबिनाआपा होत्या. काउंटर तसाच टाकून जिना चढून आलेल्या, धापा टाकत. त्या सानिकाशी एक शब्द बोलल्या नाहीत. अ‍ॅप्रन घेऊन खिडकीपाशी गेल्या, खुंटी शोधली, ती नव्हती. मग त्यांनी तो खिडकीच्या कडीलाच अडकवला. "हा इथनं हलायचा नाही," त्या म्हणाल्या. किती वर्षांचं ते वाक्य! सानिकाला हुंदका आवरला नाही.

आपांनी दुसरा अ‍ॅप्रन काढला आणि डोक्यातून घालायला लागल्या.

"तुम्ही नाही!" डॉ. शिरगुप्पे आडवे आले. "तुम्ही श्रेणी तीन. तुम्हाला आत सोडलं तर हॉस्पिटलचं लायसन्स जाईल."

"लायसन्स जाईल म्हणून माणूस गेला तरी चालेल होय? मगाशी तर शपथा घालत होता पोरीला!"

"सर," माइकवर डॉ. उगारे जवळजवळ ओरडले, "प्रेशर पडतंय. कुणीतरी या!"

सानिकानं डोळे पुसले. आणि जे इतके दिवस कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते तिच्या तोंडून अगदी साध्या आवाजात बाहेर पडलं. "सर, तुम्ही जा ना. तुम्हाला तार भरता येते. आयुष्यभर केलंय तुम्ही हे."

"मी?"

"हो. तुमची श्रेणी कोणती, सर?"

डॉक्टरांनी दाराकडं बघितलं. दारात आता वॉर्डमधल्या सिस्टर जमल्या होत्या, लॅबमधून काढलेल्या सगळ्या मेणाच्या बाया, आणि सगळ्या उत्तराची वाट बघत होत्या. संचालकांनी स्वतःची चाचणी केलीच नव्हती. त्यांना कधी आत जायचंच नव्हतं तर करायची कशाला? बाकावरची बाई उठून उभी राहिली होती. तिला श्रेणीबिणी काही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की हा डॉक्टर आहे आणि हा बाहेर उभा आहे. "सायेब," ती म्हणाली, "जावा की आत."

डॉ. शिरगुप्पे हात धुवायच्या बेसिनकडं वळले. आणि वळता वळता त्यांनी सुपरवायझरला हाक मारली, "कोळेकर! माझ्या अँटिचेंबरमधली काच आणा! पळा! आणि जुना जड अ‍ॅप्रन. आणि बिल्ला. माझ्या नावाचा बिल्ला करून ठेवलाय टेबलाच्या खणात, तो आणा!"

कोळेकर पळाले. संचालकांची खोली त्याच मजल्यावर होती. हात धुऊन होतायत तोवर काच आलीसुद्धा, चाकांवरून खडखडत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. सगळ्या बघत राहिल्या. ती परत गेली नव्हती. विकली नव्हती. फुटली नव्हती. सानिका रोज किरणांत उघडी उभी राहत होती तेव्हा ती काच दोन दारं पलीकडं धूळ न लागता उभी होती, जपून, मोठ्या माणसावर कधी वेळ आलीच तर असावी म्हणून. आणि रोबोटच्या हाताला ती आडवीबिडवी काही आली नाही. टेबलाशेजारी जुन्या जागी बरोबर बसली.

बोलायला वेळ नव्हता. सानिका भिंतीपलीकडं डॉ. उगाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि माइक ओढून घेतला. आत डॉ. शिरगुप्पे दोन अ‍ॅप्रन चढवून काचेच्या आड उभे होते, छातीवर बिल्ला. "डावीकडची तार, सर," सानिका सांगत गेली. "ती नव्हे, पातळ. आता क्लिप दाबा. जोरात. हां, सोडा." पडद्यावर काळी वाहिनी फुगली, थबकली, आणि रंगाऱ्याच्या हृदयात रक्ताची वाट मोकळी झाली. डॉ. उगाऱ्यांनी खुर्चीला पाठ टेकली. त्यांनी सानिकाकडं बघितलं आणि मान खाली घातली. इतके दिवस त्यांनाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

रंगारी वाचला. त्याच्या बायकोनं सगळ्यांच्या पाया पडायचा सपाटा लावला तो रुबिनाआपांनी तिला चहा पाजून थांबवला.

डॉ. शिरगुप्पे बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी बिल्ला काढून उजेडात धरून बघितला. मग कुणाकडंही न बघता निघून गेले. जाता जाता कोळेकरांना खूण केली. कोळेकर लॅबमध्ये गेले आणि त्यांनी काचेच्या मुठीला हात घातला.

काचेच्या दुसऱ्या बाजूची मूठ सानिकानं धरली होती. तिच्या मागं रुबिनाआपा, आणि आपांच्या मागं बाकीच्या सगळ्या. त्यातल्या चार-पाच जणींनी अडगळीतून जुने जड अ‍ॅप्रन काढून आणले होते.

"सिस्टर, साहेबांची आहे ती," कोळेकर चाचरत म्हणाले.

"पेशंट आत असेल तोवर ज्याला इथं उभं राहायचंय, त्याची आहे ती," सानिका म्हणाली. "ती इथंच राहील. उद्यापासून सगळ्यांचे बिल्ले इथं लागतील आणि आळीपाळी आपा लावतील. साहेबांना म्हणावं, नियमावली घेऊन स्वतः या, आम्ही इथंच आहोत. आणि कोळेकरकाका..."

कोळेकरांनी मूठ सोडली. "काय?"

"येताना एक खुंटी आणि हातोडी घेऊन या. कडीला अ‍ॅप्रन अडकवलाय, खिडकी लागत नाही."